सुप्याच्या वह्या, नववीच्या वह्या

दहावीचा इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा. ‘टीपा लिहा’, ‘सकारण स्पष्ट करा’ असे लिहायला लावणारे प्रश्न त्यात असतातच. पण त्यातली कारणं पुस्तकात छापलेली आणि गाईडात मुद्देसूद मांडलेली असतात. मुलं ती उतरवतात, शिक्षक मुद्दे मोजून गुण देतात. यात तपासलं जातं ते पाठांतर. मुलांना विचार करायला लावायचा तर प्रश्नासोबत पुरावाही हातात द्यायला हवा.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळले. हे लोण पुढे नगर जिल्ह्यातही पोचलं. ‘हे दंगे का झाले?’ असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: सावकारांची पिळवणूक. ते चूक नाही, पण अपुरं आहे. त्यापेक्षा नववीच्या वर्गाला तीन नोंदी द्या. पहिली, सरकारी चौकशी आयोगाचा निष्कर्ष: दोष शेतसाऱ्याचा नाही, सावकारांचा. दुसरी, फेरआकारणीत वाढलेला सारा. तिसरी, १८६५मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर उतरलेले कापसाचे भाव आणि सावकारांनी आखडता घेतलेला हात. मग विचारा, आयोगाचं म्हणणं कितपत पटतं?

एखादी मुलगी लिहील, ‘आयोग सरकारी होता, म्हणून खरं सांगतो.’ दुसरी लिहील, ‘आयोग सरकारनेच नेमला आणि साराही सरकारनेच वाढवला, म्हणून एवढ्यावर विसंबता येत नाही. पण लोकांनी वह्याच जाळल्या, म्हणजे सावकारावरही राग होताच.’ ऱ्हस्वदीर्घ चुकलं असलं तरी या ‘पण’साठी मी हात सैल सोडीन. शुद्धलेखन तपासायला मराठीचा तास आहे.

अमेरिकेत एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) परीक्षेच्या इतिहासाच्या पेपरात १९७३पासून असा निबंध विचारतात. आज त्यात सात कागदपत्रं असतात, सात गुण असतात आणि साधारण तासाभराचा वेळ असतो. आपल्या तासिकेत ही चैन परवडायची नाही. इथे दहा-बारा ओळींचा परिच्छेद पुरे. गुणांची वाटणी मात्र आधी फळ्यावर हवी: भूमिकेला १, पुरावा वापरण्याला २, तो कुणाचा आणि कशासाठी हे ओळखण्याला १, विरुद्ध बाजू मांडण्याला १.

उरतो वह्यांचा गठ्ठा. पहिल्या खेपेला गुण देऊच नका. समासात ‘हे कशावरून?’ एवढंच लिहून वही परत करा. गुण द्यायचे ते सुधारलेल्या परिच्छेदाला.