धूर आणि अग्नि : मूत्रपिंडाचा कर्करोग व रक्तांतील प्रथिनें

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, बरगड्यांच्या आडोशाला, मुठीएवढीं दोन मूत्रपिंडें अहोरात्र रक्त गाळीत असतात. जागा इतकी आड कीं, तेथें कर्करोगाची गांठ वाढूं लागली तरी घरच्यांनाच काय, खुद्द रोग्यालाहि बराच काळ पत्ता लागत नाहीं. लघवींतून रक्त, कुशींत दुखणें आणि हातास लागणारी गांठ हीं तिन्ही लक्षणें एकत्र दिसेपर्यंत रोग बहुधा पुढें गेलेला असतो. आज पुष्कळ गांठी दुसऱ्याच कारणासाठीं केलेल्या सोनोग्राफींत अवचित सांपडतात. मग रक्ताच्या परीक्षेवरून हा रोग ओळखतां येईल काय?

१९३० सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तांत एक प्रथिन आढळलें. तेंच पुढें ‘सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन’, म्हणजे सीआरपी, या नांवानें प्रसिद्धीस आलें. शरीरांत कोठें दाह झाला कीं, ‘इंटरल्यूकिन-६’ हें प्रथिन यकृतास निरोप पोंचवितें आणि यकृत सीआरपी रक्तांत सोडतें. निरोगी मनुष्यांत त्याचें प्रमाण बहुधा लिटरमागें १० मिलिग्रॅमच्या आंत असतें; तीव्र जंतुसंसर्गांत तें १०० च्याहि पुढें जातें. मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या पेशी कित्येकदां हा निरोप्या स्वतःच निर्माण करतात. म्हणून जंतु नसतांहि सीआरपी चढतें.

तर्कशास्त्रांत पर्वतावरील धुरावरून अग्नीचें अनुमान करतात. येथें मात्र धूर दिसला तरी अग्नि कोणत्या घरीं, हें कळत नाहीं. संधिवातानें किंवा साध्या गळवानेंहि सीआरपी वाढतें. उलट गांठ लहान असतां तें पूर्ववत्‌च राहूं शकतें. म्हणून केवळ त्यावरून रोगाचें निदान होत नाहीं. त्याचा उपयोग निराळा आहे. शस्त्रक्रियेपूर्वीं तें फार वाढलेलें असल्यास रोग अधिक उग्र असण्याचा संभव असतो. शस्त्रक्रियेनंतर उतरून पुन्हां चढलें, तर डॉक्टर सावध होतात.

ज्या घरीं अग्नि, त्याच घरचा धूर ओळखण्याचे प्रयत्नहि चालूं आहेत. मूत्रपिंडास इजा झाली असतां वाढणारें ‘किम-१’ हें प्रथिन, पुढें हा कर्करोग झालेल्या कित्येकांच्या रक्तांत निदानापूर्वीं कांहीं वर्षें वाढलेलें होतें, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासांत दिसून आलें. तथापि सरसकट सर्वांची परीक्षा करण्याइतका त्याचा भरंवसा अद्याप सिद्ध झालेला नाहीं.

तोंपर्यंत निसर्गानेंच दिलेली खूण विसरूं नये. लघवींतून एकदांच रक्त गेलें, दुखलें नाहीं आणि आपोआप थांबलें, तरी तें अंगावर काढूं नये. त्याच आठवड्यांत डॉक्टरांना दाखवावें. गांठ मूत्रपिंडापुरतीच असतां काढली, तर पुष्कळांस पुढें दीर्घ आयुष्य लाभतें.