मधुमेहाची रात्रीची लक्षणे

शहापूर व मुरबाड तालुक्यांत वैशाखाच्या उन्हात कोणी तांब्यामागून तांब्या पाणी प्यायले, तर त्याचे कोणासही नवल वाटत नाही. भातलावणीच्या दिवसांतील थकवाही कष्टांच्याच खाती जमा होतो. मधुमेहाची लक्षणे दिवसा अशी दडून राहतात. पौषातील थंडीत मात्र घशाला कोरड पडून जाग येऊ लागली, लघवीसाठी रात्रीतून दोन-तीनदा उठावे लागले, तर त्यास उन्हाचे कारण सांगता येत नाही.

रक्तातील साखर दर १०० मिलिलिटरमागे सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडविता येत नाही. ती लघवीत उतरते व आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. पाणी फार प्यायल्याने लघवी वाढली, हा समज म्हणूनच उलटा होय. आधी लघवी वाढते, मग तहान. लघवीला मुंग्या लागतात हे निरीक्षण चरकसंहितेतही आढळते. परंतु मुंग्या लागल्या नाहीत म्हणून निश्चिंत राहणे योग्य नव्हे. उतारवयात पुरुषांना प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यानेही रात्री उठावे लागते. निर्णय रक्ततपासणीनेच होतो. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक आल्यास डॉक्टर बहुधा पुन्हा तपासून निदान पक्के करतात.

आश्रमशाळांतील शिक्षकांनी व अधीक्षकांनी एक गोष्ट विशेष ध्यानी ठेवावी. अंथरूण ओले करण्याची सवय सुटलेले मूल पुन्हा तसे करू लागले, सारखे पाणी मागू लागले व वाळत चालले, तर तो आळस किंवा खोडी समजू नये. अशा मुलाची साखर त्याच दिवशी तपासावी. उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास दिसल्यास सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. येथे काही तासांचा विलंबही जिवावर बेततो.

इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना रात्री याउलट धोका संभवतो. दिवसभर राबून संध्याकाळी उपवास घडला, तर साखर फार उतरते. अंग घामाने भिजते, थरथर सुटते, माणूस झोपेत असंबद्ध बडबडतो. शुद्धीवर असल्यास लगेच साखरपाणी द्यावे. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये.

तीस वर्षांवरील व्यक्तींची तपासणी आरोग्य उपकेंद्रांत होते. पुढील उपचारांसाठी शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय व मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय आहे. तपासणीस आलेल्या माणसाला काही त्रास आहे का असे विचारले, तर तो बहुधा नाही म्हणतो. रात्री किती वेळा उठावे लागते, असे विचारावे. शक्यतो त्याच्या घरच्या माणसांनाही विचारावे.