जड पाण्यातले जीव

१९३३ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत गिल्बर्ट ल्युइस यांनी जवळपास शुद्ध जड पाणी वेगळं काढलं. मग त्यांनी त्यात तंबाखूचं बी घालून पाहिलं. बी रुजलंच नाही. पुढे थोडं पाणी एका उंदराला पाजलं. उंदीर मेला नाही. पण झिंगल्यासारखा उड्या मारू लागला, काचेच्या भिंती चाटत सुटला. जितकं पाजावं तितकी त्याची तहान वाढत गेली.

दिसायला हे पाणी नळाच्या पाण्यासारखंच. फरक असतो हायड्रोजनच्या अणुकेंद्रात. तिथे प्रोटॉनच्या जोडीला एक न्यूट्रॉन आला की तो ड्युटेरियम, वजनाला दुप्पट. आपल्या रोजच्या पाण्यातही साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागे असा एक असतोच. जड पाणी स्वतः किरणोत्सारी नाही. २००९ मध्ये कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रात कूलरचं पाणी पिऊन कर्मचारी बाधित झाले, ते त्यात मिसळलेल्या जड पाण्यातल्या ट्रिटियम या किरणोत्सारी हायड्रोजनमुळे.

मग जिवाला बाधतं काय? पहिला संशय डीएनएवर जातो, कारण त्याचे दोन धागे हायड्रोजन बंधांनीच जोडलेले असतात : ॲडेनिन-थायमिनच्या जोडीत दोन, ग्वानिन-सायटोसिनच्या जोडीत तीन. जड पाण्यात या बंधांतले हायड्रोजन भराभर निघून तिथे ड्युटेरियम बसतो. तरी दुहेरी गोफ उसवत नाही.

गाडं अडतं ते पेशी दुभंगताना. गुणसूत्रं दोन बाजूंना ओढून नेणाऱ्या सूक्ष्मनलिका सतत जुळत आणि सुटत राहतात, म्हणून काम होतं. जड पाण्यात त्या सुटायचं नाव घेत नाहीत. सी अर्चिन या सागरी जीवाच्या अंड्यांवर १९६० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत विभाजन जिथल्या तिथे थांबलं. शिवाय कार्बनपासून ड्युटेरियम तोडणं कठीण. ती क्रिया सहा-सात पट मंद होऊ शकते. अशी अनेक एन्झाइमं कमी-अधिक रेंगाळली, की पेशीतला मेळ बिघडतो. युग्लीनासारख्या एकपेशीय जीवाचं दैनंदिन घड्याळसुद्धा जड पाण्यात मागे पडतं.

साहजिकच पहिला फटका बसतो तो सतत विभागणाऱ्या पेशींना : अस्थिमज्जा, आतड्याचं अस्तर, शुक्राणू. उंदराच्या शरीरातलं पाव पाणी जड झालं की वंध्यत्व येतं, तिसरा हिस्सा झालं की मृत्यू. उलट शिकागोजवळच्या अर्गॉन प्रयोगशाळेत जोसेफ कॅट्झ यांच्या गटाने हिरवी शेवाळं जवळपास शुद्ध जड पाण्यात वाढवून दाखवली. हळूहळू, पण वाढली. माणसाला घोटभर पाण्याने काही होत नाही. साठ किलोच्या देहात पस्तीसेक लिटर पाणी असतं. १९३४ मध्ये जॉर्ज दी हेवेशी आणि हॉफर यांनी विरल जड पाण्याच्याच मदतीने मोजलं, की शरीरातलं निम्मं पाणी सुमारे नऊ दिवसांत बदलतं. २०२१ च्या एका अभ्यासात तर माणसाला ते किंचित गोड लागतं, हेही सिद्ध झालं.

डीएनएच्या अभ्यासाला मात्र या पाण्याने हातच दिला. न्यूट्रॉनच्या झोतात पाहिलं, तर सुमारे ४० टक्के जड पाण्यात प्रथिनं दिसेनाशी होतात आणि ६५ टक्क्यांच्या आसपास डीएनए. या युक्तीने १९७० च्या दशकात कळलं, की डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या बाहेरून गुंडाळलेला असतो.

अलिबागजवळ थळला जड पाणी बनतं ते मुख्यतः अणुभट्ट्यांसाठी. पण ड्युटेरियमला औषधनिर्मितीतही मागणी आहे. हंटिंग्टन आजारातल्या अनावर हालचालींवरचं ड्युटेट्राबेनाझिन २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्यातले मोजके हायड्रोजन बदललेले असल्याने शरीर ते सावकाश मोडतं आणि औषधाचा असर जास्त वेळ टिकतो.