फिल्टरखालचा दिवा

डिझेलच्या लिटरचे वजन सुमारे 830 ग्रॅम, पाण्याचे 1000. म्हणून टाकीतून आलेले पाणी फिल्टरच्या तळाशी साचते, आणि डिझेल विद्युत्‌वाहक नसून हे क्षारयुक्त पाणी मात्र असल्यामुळे, तेथील सेन्सरच्या दोन अग्रांमध्ये प्रवाह सुरू होऊन चालकापुढील दिवा पेटतो. परंतु तळाची तोटी सोडून काचेच्या भांड्यात घेतलेले डिझेल निर्मळ निघूनही दिवा विझण्यास राजी नसेल, तर नव्या सेन्सरचा खर्च मंजूर करण्यापूर्वी वायरिंगची तपासणी करावी. चासीच्या कडेवर घासून सोललेली तार, कनेक्टरमध्ये झिरपलेले पाणी, कळकलेल्या पिना हेच बहुधा खरे गुन्हेगार असतात. दुरुस्तीपूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी. सोललेली तार झाकायला मिस्त्रीमंडळींचा चिकटपट्टीवर अतोनात भरवसा. पण डिझेल लागताच ती सुटते.