आडवाटेची गाडी आणि मोठे टायर

चारही चाकांस इंजिनाची गति पोंचविणारी जीपसारखी गाडी दारांत आली, कीं तिच्या मालकाच्या मनांत बहुधा पहिला विचार येतो तो टायर बदलण्याचा. कारखान्यांतून आलेले टायर त्यास लहान वाटूं लागतात. मोठ्या टायरांनीं गाडी उंच व रुबाबदार दिसते, आणि ती आतां कोठेंही जाईल असा विश्वास वाटूं लागतो. या विश्वासांत तथ्य किती आणि भास किती, याचा हिशेब टायर विकत घेण्यापूर्वीं मांडलेला बरा. तो चुकला तर त्याची किंमत केवळ पैशांत भरून भागत नाहीं. एखादे वेळीं घाटाच्या उतारावर ब्रेक दाबतांना ती भरावी लागते.

प्रथम टायरच्या अंगावर उमटविलेले आंकडे वाचावयास शिकलें पाहिजे. महिंद्रा कंपनीच्या २०२० सालीं आलेल्या थार गाडीच्या कांहीं प्रकारांना २४५/७५ आर १६ या मापाचे टायर होते. यांतील २४५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ७५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या शेंकडा ७५ इतकी. शेवटचा १६ हा आंकडा आंतील लोखंडी रिमचा इंचांतील व्यास होय. त्यावरून भिंतीची उंची १८४ मिलिमीटर आणि सबंध चाकाचा व्यास सुमारें ७७४ मिलिमीटर निघतो. याच गाडीच्या दुसऱ्या प्रकारांना २५५/६५ आर १८ हे टायर होते. त्यांचा व्यास ७८९ मिलिमीटर, म्हणजे पहिल्याहून १५ मिलिमीटरनें अधिक. परंतु भिंत मात्र १६६ मिलिमीटरच. रिम दोन इंचांनीं वाढली आणि रबर व हवा यांची उशी कमी झाली. आडवाटेवर दगडाचा मार सोसते ती ही उशीच. म्हणून मोठी रिम आणि मोठा टायर या दोन गोष्टी एक समजूं नयेत.

आतां समजा, २४५/७५ आर १६ च्या जागीं कोणी २८५/७५ आर १६ हे टायर बसविले. व्यास ८३४ मिलिमीटर झाला, म्हणजे ६० मिलिमीटरनें वाढला. परंतु आंस हा चाकाच्या मध्यावर असतो; त्यामुळें गाडी उचलली जाते ती निम्मीच, ३० मिलिमीटर. तरीही हा लाभ खरा आहे. उंच स्प्रिंगा बसविल्यानें गाडीचें धड वर जातें, पण मागील अखंड आंसावरील डिफरन्शियलचा गोळा होता तेथेंच राहतो आणि वाटेंतल्या दगडास तोच आधीं लागतो. त्याला वर उचलण्याचा सोपा मार्ग म्हणजे मोठें चाक. शिवाय मोठें चाक खड्ड्यांत कमी बुडतें व दगडावर सहज चढतें. बैलगाडीचें चाक एवढें मोठें करण्यामागें जुन्या सुतारांचा हाच अनुभव होता.

हा लाभ मिळतो खरा, पण गाडीची इतर यंत्रणा जुन्याच मापाला जुळविलेली असते. चाकाचा व्यास शेंकडा पावणेआठनें वाढला, कीं त्याच गिअरमध्यें जमिनीवर मिळणारा ओढा सुमारें शेंकडा सातनें घटतो. चढावर गाडी लवकर दमते व खालच्या गिअरमध्यें वारंवार यावें लागतें. ब्रेकचेंही तसेंच. तितक्याच जोरानें पायपट्टी दाबली तरी मोठ्या चाकाच्या कडेला पोंचणारा रोध कमी पडतो. त्यांत वेगाचा कांटा फसवितो. तो मुळांत अचूक असेल, तर नव्या टायरांवर तो ८० दाखवीत असतां गाडी प्रत्यक्षांत ताशीं ८६ किलोमीटर वेगानें धांवत असते. थांबण्यास लागणारें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. म्हणजे एवढ्याशा फरकानेंही तें सुमारें शेंकडा सोळानें वाढलें. चालकाला याची कल्पना नसते, कारण कांटा त्याला ८० च सांगत असतो. याखेरीज जड चाकांचा ताण बेअरिंगांवर व स्टिअरिंगच्या सांध्यांवर पडतो. आणि चाक पूर्ण वळवून एखाद्या खांचेंत उतरलें, कीं टायर मडगार्डला घासूं लागतो. सपाट जागीं उभ्या असलेल्या गाडीवर हें घासणें दिसत नाहीं.

मग मऊ जमिनीचें काय? वाळूंत चाक रुततें, याचें कारण त्याचा भार फार थोड्या जागेवर पडतो. एका चाकावर ९०० पौंड भार आहे आणि टायरमध्यें दर चौरस इंचास ३० पौंड दाबाची हवा आहे असें मानल्यास, जमिनीवर टेकणारा ठसा सुमारें ३० चौरस इंचांचा होतो. तोच दाब १५ पौंडांवर आणला, कीं ठसा जवळजवळ दुप्पट होतो. टायरच्या भिंतीचा ताठपणा कांहीं भार उचलतो, म्हणून हें गणित तंतोतंत जुळत नाहीं. पण त्याची दिशा खरी आहे. हवा तेवढीच ठेवून केवळ टायर मोठा केला, तर ठशाचें क्षेत्र फारसें वाढत नाहीं. मोठ्या टायरचा खरा गुण हा कीं, त्याच्या उंच भिंतीमुळें हवा अधिक काढतां येते.

राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश सैनिकी अधिकाऱ्यानें १९२० नंतरच्या दशकांत फोर्ड मोटारी घेऊन लिबियन वाळवंटांत प्रवास केले, ते टायरांतील हवा कमी करण्याच्या युक्तीच्या बळावर. १९४० सालीं त्यानें ईजिप्तमध्यें उभारलेल्या ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रूप’ या तुकडीनें हीच विद्या युद्धांत वापरली. त्याच महायुद्धांत अमेरिकेनें बनविलेल्या, जमिनीवर व पाण्यांतही चालणाऱ्या ‘डक’ वाहनांत चालकाला बसल्या जागेवरून टायरांचा दाब कमीअधिक करण्याची सोय होती.

मोठे टायर अपरिहार्य ठरतात असे प्रदेशही आहेत. आइसलंडमधील हिमनद्यांवर ३८ इंच व त्याहूनही मोठ्या व्यासाचे टायर लावून, त्यांतील हवा पांच पौंडांच्याही खालीं आणून गाड्या बर्फावर चालवितात. परंतु तेथें मडगार्ड कापून रुंद केलेले असतात, आंसांतील दांत्यांचें प्रमाण बदललेलें असतें, आणि वेगाच्या कांट्याचीही दुरुस्ती केलेली असते. टायर मोठा करणें म्हणजे गाडी नव्यानें जुळविणें, हें त्यांनीं ओळखलें आहे. उलट ज्या चिखलाखालीं कठीण थर आहे, तेथें रुंद टायर चिखलावरच घसरत राहतो आणि अरुंद टायर तो कापून खालची घट्ट जमीन गांठतो. तेव्हां रुंदी हा सर्वत्र गुण नव्हे.

खरेदीपूर्वीं आणखी दोन गोष्टी पाहाव्या. टायरवर भारदर्शक आंकडा असतो. १०० हा आंकडा एका टायरला ८०० किलोग्रॅम भार सोसतो असें सांगतो. नव्या टायरचा हा आंकडा व वेगाचें अक्षर मूळ टायरहून कमी प्रतीचें असूं नये. दुसरी गोष्ट कायद्याची. भारतांत १९८८ च्या मोटारवाहन कायद्याचें ५२ वें कलम, नोंदणीपत्रांतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून निराळे होतील असा फेरफार करण्यास मनाई करतें. सर्वोच्च न्यायालयानेंही २०१९ च्या जानेवारींत तसाच निर्णय दिला. म्हणून निर्मात्यानें त्या गाडीस मंजूर केलेलीं मापें कोणतीं, हें आधीं विचारावें.

एकंदरींत क्रम असा ठेवावा. प्रथम दाब मोजण्याचें यंत्र व हवा भरण्याचा लहान पंप गाडींत बाळगावा. वाळूंत शिरण्यापूर्वीं हवा कमी करावी आणि डांबरी रस्त्यावर परततांच ती पुन्हां भरावी. कमी हवेवर वेगानें धांवणारा टायर तापतो आणि फुटतो. एवढ्यानें भागलें नाहीं, तर त्याच मापाचे पण खोल नक्षीचे टायर घ्यावे. गाडीचें पोट किंवा आंस वारंवार दगडास लागत असेल, तरच मंजूर मापांतील एक पायरी वर जावें. मात्र चारही चाकें एकाच व्यासाचीं व त्यांच्याबरोबर जादा चाकही त्याच मापाचें असावें. नाहीं तर चारही चाकांचा जोर एकत्र लावतांना दोन्ही आंस एकमेकांविरुद्ध ओढूं लागतात. नवे टायर बसविल्यावर पहिल्याच दिवशीं मोकळ्या रस्त्यावर ब्रेक लावून पाहावा, आणि कांट्याचा वेग व खरा वेग यांतील अंतर समजून घ्यावें. आडवाटेवर चार हात पुढें जाण्यासाठीं घेतलेलें चाक घरीं परतण्याच्या वाटेवरही विश्वासास पात्र राहिलें पाहिजे.