चार्जर लावायचा कुठे?

इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का, असं मला कुणी विचारलं की मी आधी विचारतो, रात्री गाडी कुठे उभी करता?

फौजेत कॉन्व्हॉय निघण्याआधी इंधन कुठे मिळणार हे नकाशावर पक्कं होतं, मगच गाड्या हलतात. बाजारात मात्र भांडण चालतं. चार्जर नाहीत म्हणून गाड्या खपत नाहीत, आणि गाड्या नाहीत म्हणून चार्जर परवडत नाही. आमच्या बंगळुरूनं या भांडणाच्या दोन्ही बाजू पाहिल्या.

२००१ साली इथं 'रेवा' ही छोटी इलेक्ट्रिक कार आली. घरातल्या १५ अँपिअरच्या प्लगवर ती चार्ज व्हायची. रस्त्यावर चार्जर जवळपास नव्हतेच. म्हणजे ज्याच्या दारात पार्किंग आणि प्लग, तोच गिऱ्हाईक. लंडनमध्ये हीच गाडी 'जी-विझ' नावानं दिसू लागली. पण तिथं शहराच्या मध्यभागी शिरण्याचा कर तिला माफ होता, तेव्हा सगळं श्रेय चार्जरला देऊ नका.

२०१८ मध्ये इथल्याच एथर कंपनीनं स्कूटर गिऱ्हाइकांच्या हाती देण्याआधी शहरात चार्जिंग पॉइंट बसवायला घेतले. कॅफे, मॉल, जिथं लोक तसेही तासभर थांबतात तिथं. स्कूटर बहुतेक जण घरीच चार्ज करतात. तरी येताजाता दिसणारा पॉइंट धीर देतो, आणि विकत घेताना धीरच लागतो.

त्याच वर्षी डिसेंबरात केंद्र सरकारनं मार्गदर्शक सूचना काढल्या. शहरात ३ किलोमीटर बाय ३ किलोमीटरच्या प्रत्येक चौकोनात किमान एक चार्जिंग स्टेशन, महामार्गावर दर २५ किलोमीटरला दोन्ही बाजूंना एक. सुरुवातीला ठीक, पण सगळे चौकोन सारखे नसतात. जयनगरच्या बंगलेवाल्याला घरचा प्लग आहे. मारतहळ्ळीला पीजीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा आपला सांगली-सोलापूरचा मुलगा वायर कुठून सोडणार? त्याच्या गल्लीतला एक साधा, हळू चार्जर जितक्या नव्या गाड्या विकेल, तितक्या जयनगरचा महागडा फास्ट चार्जर विकणार नाही, असं माझं मत आहे.

महामार्गाचं गणित निराळं. बंगळुरू-पुणे रस्त्यावर चित्रदुर्ग, हुबळी, बेळगावला लोक जेवायला थांबतातच. तिथं उजेड हवा, स्वच्छतागृह हवं, आणि चार्जर दोन तरी हवेत. एकुलता एक बंद सापडला, तर पुढच्या गावापर्यंत पोचायची बॅटरी शिल्लक असेलच असं नाही.