बिबट्या झाडावर, वाघ मात्र खाली

जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या एखाद्या झाडावर चढून बसला, की बघता बघता खाली जत्रा भरते. कुणी मोबाइल काढतो, कुणी दगड उचलतो. वाघाबाबत असे दृश्य सहसा दिसत नाही. दोघेही मार्जार कुळातले, दोघांचीही नखे म्यानात ठेवता येणारी. मग फरक कुठे पडतो?

मुख्यतः वजनात. बिबट्याचा नर साधारण 50 ते 70 किलोचा, तर वाघाचा नर 200 किलोच्या घरातला. स्नायूची ताकद त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, वजन मात्र आकारमानावर. शरीर लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही बाजूंनी दुप्पट झाले, तर ताकद चौपट होते आणि वजन आठपट. वाघाचे बछडे झाडावर मजेत चढतात. अंग भरत गेले की ही सवय सुटते. मोठ्या वाघाला चढता येतच नाही असे नाही. पण एवढे धूड पडून पाय मोडला, तर जंगलात प्लास्टर घालणारे कुणी नसते, आणि शिकार थांबली की सगळेच संपले.

अर्थात हलके असणे पुरेसे नाही. चित्ता बिबट्यापेक्षा सडपातळ, तरी सरळ खोडावर चढणे त्याला जमत नाही. त्याची नखे पूर्ण आत जात नाहीत, जमिनीवर घासून बोथट होतात. धावपटूच्या खिळ्यांच्या बुटांसारखी ती पळायला उपयोगी.

गरजही हवी. आफ्रिकेत बिबट्या शिकार फांदीवर ओढून नेतो, कारण खाली सिंह आणि तरस ती हिसकावायला टपलेले असतात. श्रीलंकेत वाघ-सिंह नाहीत. तिथला बिबट्या ही मेहनत क्वचितच घेतो.

सिंहही गरजेपोटी चढतात. टांझानियातील गोरोंगोरो विवरात 1962 साली रक्त पिणाऱ्या माश्यांचा प्रचंड उपद्रव झाला. आपल्याकडे गोठ्यात जनावरांच्या पायांना चावतात, त्याच जातकुळीच्या या माश्या. सिंहांची कातडी चावून चावून सोलली गेली, शिकार करण्याचे त्राण उरले नाही. काही झाडांवर चढले, काही तरसांच्या बिळांत शिरले. विवरातले मोजकेच सिंह वाचले. पुढे आपसांतल्या प्रजननाचा प्रश्न उभा राहिला तो यातूनच. टांझानियातील मन्यारा आणि युगांडातील इशाशा इथले सिंह तर नेहमीच फांद्यांवर पसरलेले दिसतात. माश्या, उकाडा, वरचा वारा अशी कारणे सांगितली जातात.

चढण्यापेक्षा उतरणे अवघड. नखांचा आकडा मागे वळलेला असल्याने वर जाताना तो खोडात रुततो, डोके खाली करून उतरताना मात्र निसटतो. ईशान्य भारतातील लामचित्त्याचे मागचे घोटे फिरतात, म्हणून तो खारीसारखा सरळ खाली येतो. बिबट्याची ही सोय बेताची; थोडे उतरून तो उडी घेतो. झाडाखाली गर्दी असेल, तर ती उडी गर्दीतच पडते.

अशा वेळी पंजा किंवा दात लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना काही भरू नये. लगेच रुग्णालय गाठून रेबीजची लस आणि जखमेत द्यायचे इम्युनोग्लोब्युलिन, दोन्ही घ्यावे. धनुर्वाताचे इंजेक्शनही विसरू नये. आणि झाडाखालची माणसे हटली, आवाज थांबला, की बिबट्या बहुतेकदा अंधार पडल्यावर आपला आपण उतरून उसात निघून जातो.